बुद्धिबळाचा डाव हरलात? इंजिन लावायच्या आधी स्कोअरशीटवरच्या वेळा बघा

अकराव्या चालीला माझा वजीर गेला तेव्हा माझ्या घड्याळात ७० मिनिटं शिल्लक होती. एवढ्या वेळात दादरहून कल्याणला जाऊन स्टेशनबाहेर कटिंग पिऊन होतो. आणि ज्या चालीने वजीर गेला ती मी खेळलो होतो चार सेकंदांत. समोर सातवीतला मुलगा, पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे, आई बाहेर डबा घेऊन बसलेली. डाव संपल्यावर शेकहँड करून म्हणतो, "काका, तुम्ही एवढ्या लवकर का खेळता?"

तेव्हा जाम राग आला होता. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर कुठलंही इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) देत नाही. इंजिन तुम्हाला दोन प्रश्नचिन्हं देतं, आकडा देतं, लाल बाण दाखवतं, आणि आपण म्हणतो "हो रे, दिसलं नाही" आणि पुढच्या रविवारी परत तेच. दिसलं नाही हे खरंय, पण का दिसलं नाही? बघितलंच नाही म्हणून, की बघूनही कळलं नाही म्हणून? या दोन्ही आजारांचं औषध वेगळं आहे. आणि नेमका कुठला आजार हे कळायला एकच जागा, तुमच्या स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, प्रत्येक चालीशेजारी लिहिलेली वेळ. लिहिली असेल तर.

तर कसं करायचं ते सांगतो. हे १४०० ते १८०० रेटिंगच्या आसपासच्या, म्हणजे आपल्यासारख्या क्लबवाल्या लोकांसाठी आहे, वरच्यांना याची गरज नाही आणि ते वाचणारही नाहीत.

पहिली शंका बरेच जण विचारतात की स्कोअरशीटवर वेळ लिहिलेली चालते का, आर्बिटर (पंच) ओरडेल का. चालते. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमात स्कोअरशीट कशासाठी वापरायची ते लिहिलंय, चाली, घड्याळाच्या वेळा, ड्रॉची ऑफर, क्लेमसंबंधी गोष्टी आणि इतर संबंधित माहिती. वेळ सरळ त्या यादीत आहे. चालत नाही ते म्हणजे चाल आधी लिहून मग खेळणं (ड्रॉ क्लेम करताना तेवढी चाल आधी लिहायची असते, तो अपवाद), आणि स्वतःसाठी नोट्स लिहिणं, "हत्तीकडे बघ" वगैरे. एकदा एका गृहस्थांनी कोपऱ्यात "शांत" असं लिहिलं होतं, आर्बिटरने येऊन खोडायला लावलं, मग ते अजिबात शांत राहिले नाहीत.

पद्धत सोपी आहे. चाल खेळलात, त्याच हाताने घड्याळ दाबलंत, चाल लिहिलीत, डिजिटल घड्याळावर नजर टाकून उरलेली मिनिटं शेजारी बारीक अक्षरात लिहायची. फक्त मिनिटं, सेकंद नकोत. दोन सेकंदांचं काम आहे आणि ते समोरच्याच्या वेळेत होतं. एखादी चाल अगदी फटकन खेळलात असं वाटलं तर तिच्यापुढे एक टिंब काढा, बस. समोरच्याची वेळ दर चालीला लिहायची गरज नाही, पण तो बराच वेळ डोकं धरून बसला तर ती नक्की लिहा, ती पुढे कामाला येते. ९० मिनिटं अधिक चालीला ३० सेकंद अशा कंट्रोलला तुम्हाला शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, त्यामुळे वेळेचा रकाना शेवटपर्यंत भरतो. कमी वेळाच्या रॅपिड डावांत हे जमत नाही, तिथे सोडून द्या. ऑनलाइन खेळत असाल तर तुमच्यासाठी हे आपोआप साठवलेलंच असतं, लिचेस या साइटवर डाव उघडला की चालीच्या वेळा दिसतात, फक्त तिकडे कुणी बघत नाही, सगळे थेट इंजिनच्या बटणावर.

आता माझाच डाव घेऊ. पांढऱ्याकडून मी. (अक्षर म्हणजे पटावरची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी, नुसतं घर लिहिलं तर चाल प्याद्याची.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि चौथी चाल मी घोडा सी३ खेळलो. शाळेपासून खेळतोय, घोडे बाहेर काढायचे, झालं. इथपर्यंत माझा रकाना ९०, ९१, ९१, ९१. म्हणजे विचार शून्य. आणि मग त्याने घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. मी घोडा घेतला की डी५ वर प्यादं टाकून उंट आणि घोडा दोन्ही एकदम धरायचे, म्हणजे पीस (मोहरा) परत. याला फोर्क ट्रिक म्हणतात, जुनी आहे, पुस्तकात आहे, मला नावाने माहीत होती, फक्त आपल्यावर कुणी लावेल असं वाटलं नव्हतं. पाचव्या चालीशेजारी आकडा आहे ७७. चौदा मिनिटं!

रकान्यात असा मोठा खड्डा दिसला की त्याचा अर्थ तुमची ओपनिंग तिथे संपली. लोक यावर काय करतात, तर अख्ख्या इटालियन ओपनिंगचा चाळीस तासांचा कोर्स विकत घेतात. अहो नको. खड्डा चौथ्या चालीनंतर आहे ना, मग चौथ्या चालीचं बघा. मला काय शिकायचं होतं? दोनच गोष्टी. एक, घोडा सी३ ऐवजी डी३ खेळलं तर ही ट्रिक येतच नाही. दोन, आलीच तर घोड्याने घोडा घ्यायचा आणि डी५ नंतर उंट डी३, आणि एफ७ वर उंट मारून शह द्यायचा मोह आवरायचा, कारण शह दिल्याचं समाधान मिळतं आणि त्याला मधली सगळी जागा मिळते. अर्धा तास लागला हे बघायला, तोही ठाण्याला घरी बसून, फुकटात.

पुढे. उंट डी३, त्याने घोडा मारला, मी उंटाने ई४ चं प्यादं मारलं, त्याचा उंट डी६. मी डी४. त्याने घोड्याने डी४ मारलं, मी घोड्याने घोडा, त्याने प्याद्याने घोडा, मी वजिराने प्यादं. दहा चाली झाल्या. पीसेस सारखे, प्यादी सारखी, माझा वजीर डी४ वर मस्त मधोमध बसलेला आणि जी७ कडे बघतोय. त्याने कॅसल केलं (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या शेजारी). पट मांडून बघा हे, डोळ्यांसमोर आणू नका, खरा पट काढा.

इथे मी काय केलं? मीही कॅसल केलं, राजाच्या बाजूला. चार सेकंद. पुढे टिंब.

त्याने उंटाने एच२ चं प्यादं मारून शह दिला. उंट डी६ वरून उठला तशी डी फाइल (उभी ओळ) मोकळी झाली, त्याचा वजीर डी८ वर, माझा डी४ वर, माझ्या वजिराला राखायला कुणी नाही. राजाने उंट घ्या नाहीतर कोपऱ्यात जा, वजीर गेला. डिस्कव्हर्ड अटॅक. दुसरीतल्या पोरांना शिकवतात. मला कुणी ही पोझिशन पझल म्हणून दिली असती तर दहा सेकंदांत सोडवली असती, आणि इथेच तर सगळी गंमत आहे, मला ते "येत" होतं. त्यामुळे घरी जाऊन आणखी शंभर टॅक्टिक्स सोडवून या डावावर काहीच इलाज होणार नव्हता. चुकलं ते असं की त्या क्षणी मला प्रश्न पडलाच नाही. कॅसलिंग ही तर करायचीच असते, त्यात विचार कसला.

म्हणून रकान्यात दुसरी गोष्ट शोधायची ती टिंबं. सगळीच टिंबं वाईट नसतात, शह आलाय आणि राजाला एकच घर आहे तर काय विचार करणार. वाईट टिंब ओळखायची खूण अशी, त्याच्या अगोदरच्या दोन-तीन चालींत पटावर काहीतरी मोठं बदललंय आणि तरी तुम्ही फटकन खेळलात. माझ्या डावात आठव्या ते दहाव्या चालीत दोन्हीकडचे घोडे गेले, मधली प्यादी गेली, मधल्या दोन फाइलींवर एकही प्यादं उरलं नाही. पट पार नवा झाला होता आणि मी जुन्याच पटावर खेळत होतो. मारामारी संपली की आपल्याला हायसं वाटतं, लोकलमध्ये विंडो सीट मिळाल्यासारखं, आणि पुढची चाल नेमकी त्या सुखात पडते. माझ्या गेल्या काही डावांच्या शीट्स काढून बघितल्या तर निम्म्याहून जास्त मोठ्या चुका या एक्सचेंज संपल्यावरच्या पहिल्या चालीला होत्या. तुमच्या दुसरीकडे असतील. कुणाच्या शह चुकवल्यावर, कुणाच्या ड्रॉची ऑफर नाकारल्यावर लगेच (हाही एक प्रकार आहे, "नाही" म्हटल्यावर माणूस उगाच शूर होतो). पाच-सहा शीट शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तुमची जागा कळणार नाही.

जाता जाता रेटिंगचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. मी १५६०, तो १४८०. माझा के फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) २०, म्हणजे साधारण १२ पॉइंट गेले. तो अठराच्या आतला म्हणून त्याचा के ४०, त्याचे २४ वाढले. म्हणजे माझे १२ गेले आणि त्याचे दुप्पट आले, ही लहान मुलांशी खेळायची फी समजा. मुंबईत ओपन स्पर्धा खेळायच्या तर पर्याय नाही, निम्मा हॉल शाळेतल्या पोरांचा असतो, आणि ती पोरं रेटिंगच्या बरीच पुढे खेळतात.

आता डाव संपल्यावर नक्की काय करायचं. पहिली गोष्ट, हॉलबाहेर समोरच्याबरोबर डाव बघायचा, तो तयार असेल तर. बहुतेक जण असतात, हरवलेला माणूस तर फारच तयार असतो. त्याला चाली विचारू नका, कुठे अडकला होता ते विचारा. तुम्ही त्याचे मोठे विचार लिहून ठेवलेत ना, तिथे बोट ठेवा, "इथे बारा मिनिटं काय बघत होतास?" या पोराने मला सांगितलं की आठव्या चालीला, मी डी४ खेळल्यावर, त्याला कशाने मारायचं ते कळत नव्हतं, प्याद्याने की घोड्याने. म्हणजे मला वाटत होतं की याला सगळं पाठ आहे, आणि तो माझ्यासारखाच चाचपडत होता. हे कळलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. हे कुठल्याही इंजिनमध्ये सापडणार नाही.

मग घरी जाताना मोबाइल खिशात. अवघड आहे, माहितीये. रविवारचा मेगाब्लॉक, गाडी विद्याविहारला उभी, हातात फोन, आणि अख्खा डाव दोन मिनिटांत टाकून आकडे बघता येतात. नका बघू. एकदा आकडा बघितला की तुमचं स्वतःचं मत मेलं, मग तुम्ही फक्त मान डोलावता. शीट काढा आणि पेनाने तीन खुणा करा. सगळ्यात मोठा खड्डा, सगळ्यात संशयास्पद टिंब, आणि तुम्हाला पहिल्यांदा "आता आपलं बरं चाललंय" असं वाटलं ती चाल. तिसरी खूण आठवणीवर करायची आहे, म्हणून त्याच दिवशी, उद्या ती आठवण बदललेली असते. प्रत्येक खुणेपुढे एक ओळ, त्या वेळी डोक्यात काय होतं ते. माझ्या अकराव्या चालीपुढे लिहिलंय, "कॅसल करून मग हत्ती ई१." एवढंच. समोरचा काय करेल यावर एक शब्द नाही.

घरी खरा पट. त्या तीन जागा मांडायच्या आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा घड्याळ लावून दहा मिनिटं बसायचं, जणू डाव चालू आहे. अकराव्या चालीला मी असा बसलो तर तिसऱ्या मिनिटाला दिसलं की वजीर हवेत लटकतोय, मग उंट ई३ सापडलं, वजिराला आधार. आणखी एक सापडलं, माझ्या डोक्यात त्या वेळी उंट एच७ मारून शह देऊन वजीर एच४ वर न्यायचंही होतं. ते केलं असतं तर त्याच्या डी८ च्या वजिराने एच४ वर माझा वजीर फुकट खाल्ला असता, घोडे गेल्यामुळे ती तिरकी लाइन पूर्ण मोकळी होती. म्हणजे एकाच पोझिशनमध्ये वजीर घालवायचे दोन रस्ते मी तयार ठेवले होते.

हे सगळं झालं की मग लावा इंजिन. आणि त्याला फक्त तुमच्या तीन जागा विचारा. बाकी छत्तीसाव्या चालीला इंजिनचा आकडा ०.७ चा ०.३ झाला तर होऊ दे, आपल्या लेव्हलला त्याचा काय संबंध.

एंडगेमचं, म्हणजे थोडेच पीस उरलेल्या शेवटच्या टप्प्याचं, थोडं वेगळं आहे, कारण तिथे घाई जास्त करून थकव्याने होते. डोंबिवलीचे एक काका आहेत, बँकेतून रिटायर, थर्मासमध्ये चहा आणतात आणि समोरच्याला विचारतात पण. त्यांच्याशी चौथ्या तासाला माझा हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध त्यांचा हत्ती. माझा राजा ई३, प्यादं ई४, हत्ती डी१. त्यांचा राजा ई६, आणि त्यांनी हत्ती डी६ वर आणून एक्सचेंज पुढे केला. एक प्यादं जास्त असलं की एक्सचेंज करायचे, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं. माझ्या घड्याळात ११ मिनिटं, मी पाच सेकंदांत हत्ती मारला, त्यांनी राजाने घेतला, आणि काकांनी थर्मासचं झाकण उघडलं. त्यांना माहीत होतं. माझा राजा प्याद्याच्या पुढे नाही, तो पुढे जाऊ शकत नाही, त्यांचा राजा दर वेळी समोर येऊन उभा. शेवटी प्यादं ई६ वर, माझा राजा ई५ वर आणि त्यांचा ई७ वर, तिथून ते सरळ मागे ई८ वर गेले, डावीकडे नाही की उजवीकडे नाही, आणि ड्रॉ. डी८ किंवा एफ८ वर गेले असते तर हरले असते.

हत्ती ठेवले असते तरी मी जिंकलोच असतो असं अजिबात नाही, त्यांचा राजा प्याद्याच्या बरोब्बर समोर होता. पण त्यांना अजून तासभर काम करावं लागलं असतं आणि थर्मास बंद राहिला असता. इथला नियम एका ओळीचा आहे, प्यादं ई४ वर असेल तर राजा डी६, ई६ किंवा एफ६ वर पोचला की जिंकलात, मग चाल कुणाचीही असो. पोचणार आहे का ते मोजून मग शेवटचा हत्ती मारायचा. शेवटचा मोठा पीस बदलणं ही अशी चाल आहे जिच्यापुढे टिंब कधीच नसलं पाहिजे. मोठमोठ्यांचं होतं हे. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५ वी चाल हत्ती एफ२ केली, गुकेशने हत्ती मारले, मग उंट डी५ वर आणून उंटही बदलायला लावले, आणि उरला तो हरलेला प्याद्यांचा एंडगेम. आपण त्या दिवशी पेढे वाटले ते या एका एक्सचेंजवर.

आता तो सातवीतला. दोन महिन्यांनी माटुंग्याला एका स्पर्धेत दुसऱ्या राउंडला पेअरिंग आलं, परत तोच, परत मला पांढरे. मी मुद्दाम चौथी चाल घोडा सी३ खेळलो. डी३ खेळणार होतो खरं तर, पण राहवलं नाही. पहिल्या दहा चाली तशाच. अकराव्या चालीला मी हात मांडीखाली घेऊन बसलो (हसू नका, हा उपाय चालतो), आठ मिनिटं घेतली, उंट ई३. तो हत्ती ई८. मग मी कॅसल केलं, सहा मिनिटं विचार करून. त्याचे डोळे चमकले, परत उंटाने एच२, शह, पाच सेकंद. राजाने उंट मारला, त्याने वजिराने वजीर मारला, आणि माझा हात ई३ च्या उंटाकडे जायला लागला. वजीर परत घ्यायचा, आणखी काय करणार. पण तसं लगेच घेतलं की त्याचा हत्ती ई४ चा उंट खातो आणि माझं एक प्यादं कमी.

रकान्यात तिथे लिहिलंय ६१, त्याच्या आधी ६४. तीन मिनिटांनी मी आधी उंटाने एच७ मारलं, शह. त्याला राजाने घ्यावंच लागलं, आणि मग मी आरामात वजीर घेतला. प्यादी पाच-पाच, दोन-दोन हत्ती, उंट वेगवेगळ्या रंगाचे. तीसेक चालींनी ड्रॉ झाला. त्याने त्या चौदाव्या चालीवर बोट ठेवून विचारलं, "काका, हे तुम्ही घरून बघून आला होतात?" मी त्याला शीटवरचा रकाना दाखवला. त्याने खिशातून पेन काढून स्वतःच्या शीटवर शेवटच्या चालीपुढे उरलेली मिनिटं लिहिली, ५२, आणि आईकडे डबा खायला पळाला.